मासेमारीच्या ताफ्याला इस्पितळ जहाज कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्तुगालच्या उत्तरेला व्हियाना दो कास्तेलो या गावात ‘झिल एआनेस’ नावाचं निवृत्त इस्पितळ जहाज संग्रहालय म्हणून जपलं आहे. ते युद्धातलं नाही, मासेमारीच्या ताफ्याचं आहे. कोळ्यांना अख्खं इस्पितळ जहाज कशाला लागावं? डुलत्या जहाजावर शस्त्रक्रिया करत तरी कशी? आणि इतकं जुनं पोलादी जहाज पाण्यात ठेवून टिकतं कसं?

माझी बरीच वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. त्यानंतर जुन्या जहाजांच्या पत्र्यांची तपासणी हाच व्यवसाय झाला. ‘झिल एआनेस’वर मी गेलो तो तिकीट काढून, इतर प्रेक्षकांसारखाच. त्यामुळे त्या जहाजाच्या देखभालीचा हिशेब मी देणार नाही. अशा जहाजांना काय छळतं आणि ती कशी उभी राहतात, एवढं मात्र खात्रीनं सांगू शकतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जहाजात नाही, एका होडीत आहे. डोरी म्हणतात तिला. साधारण पाच मीटर लांब, सपाट तळाची, लाकडी. आतल्या फळ्या काढल्या की एकात एक बसतात, पातेल्यांची चळत लावावी तशा. शिडांच्या मोठ्या जहाजाच्या डेकवर अशा डझनावारी डोऱ्या रचून पोर्तुगीज खलाशी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात आणि पुढे ग्रीनलंडच्या समुद्रापर्यंत कॉड मासा धरायला जात. पहाटे डोऱ्या पाण्यात सोडायच्या आणि एकेका डोरीत एकच माणूस. इतर देशांच्या डोऱ्यांत बहुधा दोघे असत, पोर्तुगीज डोरीत एकटा. त्यानं वल्ही मारत लांब जायचं, शेकडो गळ लावलेला दोर पाण्यात सोडायचा, तो हातानं ओढून घ्यायचा, होडी माशांनी भरली की मूळ जहाजाकडे परतायचं. मग संध्याकाळी विश्रांती नाही. तेच मासे कापायचे, साफ करायचे, मिठात घालून तळघरात रचायचे. वसंतात निघालेला ताफा शरदात घरी परते. मधले सहा महिने हेच चालायचं.

आता या माणसाच्या हातांकडे बघा. थंड खाऱ्या पाण्यात दिवसभर भिजलेले, दोरानं चिरलेले, गळ रुतलेले, आणि वर मीठ. मेणकापडाच्या कोटाची बाही मनगटाला घासून तिथे गळवं उठायची. जमिनीवर अशी जखम चार दिवसांत सुकते. तिथे ती चिघळायची, बोट काळं पडायचं, विष वर चढायचं. त्यात मोडलेली हाडं, दाढदुखी, न्यूमोनिया, अपेंडिक्स. धुक्यात वाट चुकून दोन दिवस एकट्यानं होडीत काढलेले गारठलेले लोक वेगळेच. शिडाच्या जहाजावर डॉक्टर नसे. औषधांची पेटी असे आणि ती कप्तान उघडत असे.

डॉक्टर नसलेलं जहाज म्हणजे काय ते मी अनुभवलंय. अटलांटिकच्या मधोमध असताना आमच्या एका ऑइलरच्या, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या खलाशाच्या, पोटात उजव्या बाजूला कळ उठली. जवळचं बंदर चार दिवसांवर होतं. रोममध्ये सीआयआरएम नावाची संस्था आहे. 1935 पासून ती कुठल्याही देशाच्या जहाजाला रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देते. तिथले डॉक्टर प्रश्न विचारत होते, आमचा सेकंड ऑफिसर पोटावर हात ठेवून उत्तरं देत होता. प्रतिजैविकं दिली, तोंडानं काही द्यायचं नाही असं ठरलं, आणि आम्ही इंजिनाला शक्य तेवढं पळवलं. तो मुलगा वाचला. पण त्या चार रात्री मी इंजिन रूममध्ये एकच गोष्ट मोजत होतो, इंजिनाचे फेरे. आपल्या हातात तेवढंच असतं. आमच्याकडे निदान इंजिन होतं, रेडिओ होता आणि प्रतिजैविकं होती. 1920 च्या दशकातल्या शिडाच्या जहाजावर यातलं काहीही नव्हतं.

या गरजेकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते धर्मादाय संस्थांचं. विल्फ्रेड ग्रेनफेल हा इंग्लिश डॉक्टर 1892 मध्ये ‘अल्बर्ट’ या इस्पितळ जहाजातून कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर पोचला. फ्रेंचांनीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आपल्या कोळ्यांसाठी अशीच जहाजं पाठवायला सुरुवात केली. पोर्तुगालचं पहिलं जहाज 1927 मधलं. ते मुळात ‘लानेक’ नावाचं जर्मन जहाज. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, पोर्तुगालनं आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, त्यातलं हे एक. त्याला नाव दिलं ‘झिल एआनेस’. हा पंधराव्या शतकातला दर्यावर्दी, 1434 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडून पुढे गेलेला. त्याच्या आधीचे खलाशी त्या भूशिरापासून माघारी फिरत.

ते जुनं जहाज थकलं तेव्हा त्याच नावाचं दुसरं बांधलं, आणि हेच आज आपण पाहतो. ते 1955 मध्ये व्हियाना दो कास्तेलोच्याच गोदीत तयार झालं. ही गोदी 1944 मध्ये सुरू झाली तीसुद्धा कॉडच्या ताफ्याचं आधुनिकीकरण डोळ्यांपुढे ठेवून. लांबी सुमारे 98 मीटर, रुंदी चौदा मीटरच्या आसपास. शस्त्रक्रियेची खोली, एक्स-रे, प्रयोगशाळा, रुग्णांचे कक्ष, दवाखाना हे सगळं नकाशाच्या पहिल्या रेषेपासून त्यात आखलेलं होतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जगातली बहुतेक इस्पितळ जहाजं दुसऱ्याच कामासाठी बांधलेली आणि नंतर बदललेली असतात. जपानमध्ये योकोहामाच्या धक्क्याला ‘हिकावा मारू’ हे 1930 चं जहाज असंच संग्रहालय म्हणून उभं आहे. दुसऱ्या महायुद्धात ते इस्पितळ जहाज होतं, तीनदा सुरुंगांचे धक्के खाऊनही बुडालं नाही. पण आज तिथे फिरताना दिसतं ते सिएटलला जाणारं देखणं प्रवासी जहाज. इस्पितळाची आठवण फलकांवर उरली आहे. ‘झिल एआनेस’मध्ये इस्पितळच दिसतं.

मात्र त्याला नुसतं इस्पितळ म्हणणं अपुरं आहे. ते ताफ्याचं टपालघर होतं. घरची पत्रं तेच आणायचं आणि तेच न्यायचं. ते जहाजांना इंधन, अन्नधान्य, गोडं पाणी, जाळी आणि आमिष पुरवायचं. मोडलेल्या जहाजाला ओढून न्यायचं, गरज पडली तर बर्फ फोडून वाट काढायचं. त्यावर प्रार्थनाघर होतं आणि पाद्री होता. ज्या माणसानं तीन महिन्यांत बायकोच्या हातचं अक्षर पाहिलेलं नाही, त्याच्या प्रकृतीत पत्राचा वाटा किती, हे वर्षानुवर्षं जहाजावर काढलेल्या कुणालाही विचारा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, ती लपवणं त्या कोळ्यांवर अन्याय होईल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं 1934 पासून कॉडच्या मासेमारीला राष्ट्रीय मोहीम बनवलं. आयात कमी करायची, देशाची थाळी देशाच्याच जहाजांनी भरायची. कोळ्यांना लष्करी सेवेऐवजी या मोहिमेवर जाता येई, म्हणून गरीब घरची कितीतरी मुलं डोरीत बसली. 1937 मध्ये कोळ्यांनी संप केला, तो चालू दिला गेला नाही. हे जहाज जहाजमालकांच्या संघटनेचं, आणि ती संघटना सरकारच्या मुठीतली. म्हणजे दुखणाऱ्या माणसाला तिथेच बरं करून पुन्हा डोरीत बसवणं, हाही या इस्पितळाचा उपयोग होता. त्यामुळे डॉक्टरांच्या कामाची किंमत मला कमी वाटत नाही. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापुढे उभं राहताना ही गोष्ट ठाऊक असावी.

दुसऱ्या महायुद्धाचा संबंध आला तो वेगळ्या वाटेनं. पोर्तुगाल तटस्थ होता. पाणबुड्यांना ओळखू यावं म्हणून मासेमारीची जहाजं पांढरी रंगवली, तेव्हापासून ‘पांढरा ताफा’ हे नाव पडलं. तरीही 1942 मध्ये ‘मारिया दा ग्लोरिया’ आणि ‘देलाइश’ ही दोन जहाजं जर्मन पाणबुड्यांनी बुडवली. लष्करी इस्पितळ जहाजंही पांढरी असतात, पण त्यांचा रंग आंतरराष्ट्रीय करारांतून आलेला, त्यावर ठळक लाल चिन्ह असतं. लोक या दोन पांढऱ्या रंगांची गल्लत करतात.

आता शस्त्रक्रिया. जहाज दोन तऱ्हांनी हलतं. डाव्या-उजव्या बाजूंना डुलतं, आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर-खाली आपटत जातं. या दोन्ही हालचाली सगळीकडे सारख्या नसतात. टोकांना आणि उंचावर त्या सर्वांत जास्त, लांबीच्या मध्यावर आणि पाण्याच्या पातळीजवळ सर्वांत कमी. म्हणून शस्त्रक्रियेची खोली शक्य तितकी मध्याकडे आणि खाली आणायची, हा अशा जहाजांच्या आराखड्याचा पहिला नियम. पण तिथेच खालून इंजिनाचा थरथराट येतो. त्यामुळे आराखडा करणारा सतत या दोन त्रासांत तडजोड करत असतो. तुम्ही आत गेलात की खोली जहाजाच्या कुठल्या भागात आहे, तिच्याखाली काय आहे, एवढं नक्की बघा.

उरलेलं काम ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या खोलीतून, होतं. शस्त्रक्रिया चालू असताना कप्तान जहाजाचं तोंड लाटांकडे धरतो आणि इंजिन जेमतेम सुकाणू ऐकेल एवढ्याच गतीनं चालवतो. मग डुलणं बरंच मरतं आणि नाळ संथपणे वर-खाली होत राहते. ती लय सर्जनला सवयीनं कळते. सगळी हत्यारं खाचांत किंवा कडा असलेल्या ताटांत, टेबल जमिनीला बोल्टनं घट्ट, रुग्ण पट्ट्यांनी बांधलेला.

विजेचा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून जरा जास्त सांगतो. जहाजाची विद्युतव्यवस्था बहुधा जहाजाच्या पोलादापासून पूर्ण अलग ठेवलेली असते. एखादी वायर कुठे पत्र्याला टेकली तरी तेवढ्यानं फ्यूज उडत नाही, फक्त धोक्याचा दिवा लागतो आणि यंत्रं चालू राहतात. समुद्रात सुकाणूची मोटर एका खराब वायरमुळे बंद पडणं परवडत नाही, म्हणून ही रचना. गंमत अशी की जमिनीवरच्या इस्पितळांतही शस्त्रक्रियेच्या खोलीला याच तत्त्वावर अलग वीजपुरवठा देतात, कारण तिथेही मधेच अंधार परवडत नाही. आगबोट आणि इस्पितळ या बाबतीत एकाच उत्तरावर आले आहेत. आणखी एक सांगतो. त्या काळी ईथरसारखी पेट घेणारी भूल वापरात होती. ठिणगी, बंद खोली आणि ईथरची वाफ एकत्र येऊ नयेत म्हणून हवा खेळती ठेवणं हे सर्जनच्या हाताइतकंच महत्त्वाचं. ते पंखे, ते पाइप, हत्यारं उकळायची वाफ, धुवायचं गोडं पाणी, सगळं खालच्या इंजिन रूममधून येतं. म्हणून माझा आग्रह आहे, इस्पितळ पाहण्याआधी खाली उतरून इंजिनं पाहा. ‘झिल एआनेस’ची इंजिन रूम प्रेक्षकांसाठी खुली आहे, आणि पाव तासात तिथून बाहेर पडणारे लोक पाहून मला वाईट वाटतं.

शेवटचा मोसम 1973 चा. जाळं ओढत मासे धरणारी मोठी जहाजं, ट्रॉलर, आली होती, डोरीची मासेमारी संपत चालली होती. 1974 मध्ये राजवट कोसळली, 1977 मध्ये कॅनडानं 200 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अखत्यारीत घेतला, आणि 1992 मध्ये उत्तरेकडच्या कॉडची मासेमारीच थांबवावी लागली, मासाच उरला नव्हता. इकडे जहाज लिस्बनच्या गोदीत वर्षानुवर्षं गंजत पडलं आणि 1997 मध्ये भंगारात विकलं गेलं. इतिहासकार जुझे हेर्मानु सरायवा 1973 मध्ये राजदूत म्हणून ब्राझीलला गेले ते याच जहाजातून. त्यांनी आपल्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमातून ते वाचवण्याचं आवाहन केलं. व्हियानाच्या लोकांनी पैसे उभे केले आणि 1998 मध्ये जहाज जिथे जन्मलं तिथे ओढून आणलं. त्याच वर्षी ते लोकांसाठी उघडलं. भंगारवाल्याच्या दारातून परत आलेली जहाजं मी फार थोडी पाहिली आहेत.

टिकवण्याचं गणित मात्र इथून सुरू होतं. लोकांना वाटतं, जहाज समुद्रात झिजतं आणि बंदरात विसावतं. खरं उलट आहे. चालत्या जहाजाला खलाशी असतात. कुणीतरी रोज तळाशी उतरतो, खरवडतो, रंगवतो, ग्रीस घालतो, ठरलेल्या वेळी ते सुक्या गोदीत जातं. उभ्या जहाजाला पहारेकरी आणि तिकिटं फाडणारा असतो. गंज सर्वांत वेगानं खातो तो पाण्याच्या रेघेशी, जिथे पत्रा आलटून पालटून भिजतो आणि हवा खातो. चालत्या जहाजाची ही रेघ मालाप्रमाणे वर-खाली सरकते. संग्रहालयाचं जहाज वर्षानुवर्षं एकाच रेघेवर तरंगतं, आणि त्या एका पट्ट्यात पत्रा करवतीनं कापावा तसा पातळ होत जातो.

त्यावर उपाय आहेत. तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, पोलादाऐवजी ते झिजतात. धक्क्यावरून वीज घेताना मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून जहाज आणि किनारा विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवतात, नाहीतर धक्क्याचं लोखंड आणि जहाजाचा पत्रा मिळून एक मोठी बॅटरी बनते आणि ती जहाजाला खाते. ध्वनिलहरींच्या उपकरणानं जागोजागी पत्र्याची जाडी मोजतात. मूळ जाडीच्या साधारण पाव भाग गेला की तो पत्रा बदलण्याची वेळ झाली असं धरतात.

पण मला बाहेरच्या गंजापेक्षा आतल्याची धास्ती जास्त. बाहेरचा दिसतो. आतून, सर्वांत खालच्या तळात, दमट हवेचं पाणी पत्र्यावर ठिबकतं, साचतं, आणि वर्षानुवर्षं तिथे कुणाचा टॉर्च पोचत नाही. एका जतन केलेल्या जहाजावर (नाव सांगत नाही, देश वेगळा) मला तळ रंगवून चकचकीत केलेला दाखवला. मी हातोडीनं हलकेच ठोकलं. चांगला पत्रा खणखणतो. तो भद्द वाजला. दुसऱ्या ठोक्याला रंगाची खपली हातात आली आणि मागून पाणी झिरपायला लागलं. गंजावर थेट जाड रंग दिला होता. पाहुणे यायच्या आत सगळं नीट दिसावं एवढ्यासाठी. त्या दिवशी पंप आणून रात्रभर बसावं लागलं. हातोडीची ती परीक्षा आजही मी यंत्राच्या आकड्यांआधी करतो.

जहाज धक्क्यालाच बुडतं ते बहुतेकदा वादळानं नाही, समुद्राचं पाणी आत घ्यायच्या जुन्या झडपा कुजल्यामुळे. इंजिनं बंद झाली की त्या झडपांचा उपयोग संपतो, पण भोक राहतंच. ते पत्रा वेल्ड करून कायमचं बुजवणं हे कुठल्याही संग्रहालय-जहाजाचं पहिलं काम असायला हवं. दुसरं वजनाचं. पोटातलं इंधन, पाणी, माल निघून गेला की जहाज उंच तरंगतं आणि त्याचा तोल बिघडतो. तळाशी कायमचं वजन भरावं लागतं, नाहीतर शाळेची सहल एका बाजूच्या कठड्याला धावली की जहाज कलताना जाणवतं. तिसरं, प्रेक्षकांच्या सोयीसाठी जलरोधक भिंतींत दरवाजे पाडायचा मोह. एक दरवाजा पाडला की दोन खोल्या एक होतात, आणि पाणी शिरलं तर दोन्ही भरतात. जुन्या जहाजांत पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस आणि रंगात शिसं असतं ते वेगळंच. त्याला हात लावण्याआधी प्रशिक्षित माणसं लागतात.

काहीजण म्हणतात, मग जहाज सरळ कोरड्यावर का नाही ठेवत? कारण जहाज पाण्यानं चारी बाजूंनी तोलून धरावं असं बांधलेलं असतं. ठोकळ्यांवर वर्षानुवर्षं उभं केलं तर ठोकळ्यांमधला तळ वाकतो. तरंगतं ठेवण्याचा खर्च संपत नाही हे मान्य, तरी पाण्यावर त्याचा आकार टिकतो आणि पायाखाली ते किंचित हलतं. ते हलणंही पाहण्याची गोष्ट आहे.

जाणार असाल तर सपाट तळाचे, न घसरणारे बूट घाला. जिने उभे आणि अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. क्रम असा धरा: आधी इंजिन रूम, मग स्वयंपाकघर आणि भटारखाना, कारण ताज्या पावाची चव त्या माणसांना महिनोन्महिने नसे, मग रुग्णकक्ष, एक्स-रे, शस्त्रक्रियेची खोली, शेवटी ब्रिज. दोन तास हाताशी ठेवा. आणि उतरण्याआधी मधल्या डेकच्या कठड्याशी, नदीच्या बाजूला जरा थांबा. खाली पाण्याकडे बघा. पाच मीटरची होडी इतक्या खाली, लाटेवर वर-खाली होत असताना, एका हातानं वल्हं धरून दुसरा सुजलेला हात छातीशी घेतलेला माणूस याच उंचीकडे पाहत असे, आणि वरून दोराला बांधलेलं स्ट्रेचर खाली येत असे.